सडा, खाडी आणि सायकल : लांब पल्ल्याच्या सेल्फ-सपोर्टेड शर्यतीची कोकणातली तयारी

सेल्फ-सपोर्टेड शर्यतीत मागे गाडी नसते, मेकॅनिक नसतो, ठरावीक अंतरावर केळी आणि पाणी घेऊन उभे असलेले स्वयंसेवक नसतात. घड्याळ एकदा सुरू झालं की शेवटच्या रेषेपर्यंत थांबत नाही. तुम्ही झोपलात, पंक्चर काढत बसलात, दुकान उघडायची वाट पाहत राहिलात, तरी वेळ मोजला जातोच. टूर डिव्हाइड ही या प्रकारातली सर्वांत ओळखीची शर्यत. कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या अँटेलोप वेल्सपर्यंत सुमारे ४,४०० किलोमीटर, बहुतेक कच्च्या रस्त्यांनी. किर्गिझस्तानात २०१८ साली सिल्क रोड माउंटन रेस सुरू झाली, मोरोक्कोत २०२० साली ॲटलास माउंटन रेस. आपल्याकडची मंडळी आता या शर्यतींची नावं घेऊ लागली आहेत, आणि पहिला प्रश्न हमखास येतो : एवढं अंतर पायांना झेपेल का?

पाय तयार होतात. चार-सहा महिने नेमाने सायकल चालवणाऱ्या कुणाचेही होतात. शर्यत हातची जाते ती थांबण्यात. कुठे थांबलो, किती वेळ, आणि ते थांबणं टाळता आलं असतं का, याचा हिशेब ज्याला जमला तो सावकाश चालवूनही पोहोचतो. कोकण किनारा हा हिशेब शिकायची उत्तम जागा आहे, कारण इथली वाट तुम्हाला घडोघडी थांबवते. खाडी आडवी येते, फेरीबोट निघून गेलेली असते, पाखाडीवर (दगडी पायऱ्यांच्या वाटेवर) सायकल उचलावी लागते, दुपारी दुकानं बंद होतात, उन्हाने डोकं चालेनासं होतं. इथे तीन दिवस स्वतःच्या बळावर काढता आले, तर परदेशातल्या शर्यतीच्या अर्ध्या अडचणी तुमच्या ओळखीच्या झालेल्या असतील.

आधी नियम

नियम शर्यतीगणिक बदलतात, ते मुळातून वाचा. गाभा मात्र एकच : जी सोय प्रत्येक स्पर्धकाला सारखी उपलब्ध आहे तीच वापरायची. वाटेवरचं हॉटेल चालतं, किराणा दुकान चालतं, सायकलचं दुकान चालतं. मित्राने ठरवून आणून दिलेला टायर चालत नाही. गुहागरला मावशीचं घर असलं तरी शर्यतीत तिच्याकडे मुक्काम नाही, कारण ती मावशी बाकीच्यांना नाही. हे किती काटेकोरपणे पाळलं जातं याचं एक उदाहरण सांगतो. २०२३मध्ये लॅक्लन मॉर्टन या व्यावसायिक सायकलपटूने टूर डिव्हाइडची वाट साडेबारा दिवसांच्या आसपास पूर्ण केली. ती वेळ तोवरच्या विक्रमापेक्षा कमी होती, पण चित्रीकरणाचा चमू वाटेत सोबत असल्यामुळे नियमांनुसार ती विक्रम म्हणून धरली गेली नाही.

कोकणात सराव करताना हा नियम पाळणं अवघड जातं, आणि म्हणूनच तो इथे पाळून बघावा. वाडीतून सायकल ढकलत निघालात की कुणीतरी आजी ‘खंय चललास?’ म्हणून हाक मारते आणि पाण्याचा तांब्या पुढे येतो. न ठरवता, वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाने दिलेलं पाणी किंवा चहा बहुतेक शर्यतींत चालतो. तो घ्या, दोन शब्द बोला, पुढे निघा. घरी फोन करून ‘चिपळूणला कुणाकडे तरी ट्यूब पाठव’ असं सांगणं मात्र सरावातही नको. एकदा तो दरवाजा उघडा ठेवला की सामान बांधतानाच आपण ढिले पडतो.

थांबण्याचा हिशेब

सायकलवरच्या जीपीएस यंत्रात किंवा फोनमधल्या ॲपमध्ये दोन वेळा दिसतात : चाकं फिरत होती तो वेळ आणि घरातून निघाल्यापासूनचा एकूण वेळ. नवखे लोक पहिला आकडा बघून खूश होतात. तुम्ही दुसरा बघा. कच्च्या वाटेवर, सामान लादून, ताशी १२ किलोमीटरचा वेग धरला तर १२० किलोमीटरला चाकं १० तास फिरतात. पहाटे पाचला निघून रात्री नऊला थांबलात तर एकूण १६ तास झाले. मग मधले सहा तास कुठे गेले? प्रत्येक सरावानंतर हे वहीत लिहा : फेरीसाठी ४० मिनिटं, नाश्ता ५०, सामान सैल झालं म्हणून तीनदा दहा-दहा, वाट चुकलो २५, फोन बघत बसलो ३०. महिनाभर लिहिलंत की कुठे सुधारायचं ते आपोआप दिसतं. ताशी वेग १२चा १३ करायला महिनोन् महिने मेहनत लागते. दिवसातला दीड तास वाचवायला बहुधा पिशव्या नीट लावणं पुरतं.

म्हणून प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली हवी. पावसाळी जाकीट अंधारात, न बघता हाताला लागलं पाहिजे. खाणं चालत्या सायकलवर काढता आलं पाहिजे. थांबलात की एका थांब्यात चार कामं उरका : पाणी भरताना चेनला तेल, खाता खाता पुढच्या ५० किलोमीटरचा नकाशा, आणि पॉवर बँक चार्जिंगला लावायची असेल तर दुकानात शिरल्याबरोबर, निघताना नव्हे.

सायकल कोणती आणि तिला काय हवं

पुढे सस्पेन्शन असलेली हार्डटेल माउंटन बाइक नवख्यासाठी सर्वांत बरी. ग्रॅव्हल बाइक (वाकड्या हँडलची, कच्च्या रस्त्यालाही चालणारी सायकल) सडकेवर हलकी पळते, पण जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, आठ-आठ तास मनगटांना आणि मानेला जे हादरे बसतात त्यांत तो फायदा निघून जातो. नवी सायकल घेण्याआधी आहे तीच नीट करा. माझ्या मते पैसा खर्च करायचा क्रम असा : टायर, गिअर, सीट, दिवा. फ्रेम सर्वांत शेवटी.

टायर २.१ ते २.२५ इंचाचे, ट्यूबलेस. सड्यावर करवंदीच्या जाळ्या असतात आणि त्यांचे काटे साध्या ट्यूबला दिवसातून चार पंक्चर देऊ शकतात. टायरच्या आत सीलंट (भोक बुजवणारा चिकट द्रव) असलं तर बहुतेक भोकं आपली आपण बुजतात. आपल्या उकाड्यात सीलंट लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी भर घाला. ७० किलोच्या आसपासच्या स्वाराने सामानासह पुढे २० आणि मागे २३-२४ पीएसआयपासून सुरुवात करून पाहावी. हवा जास्त भरली की कातळावर सायकल उडते आणि पकड जाते.

गिअरच्या बाबतीत मनात भीड ठेवू नका. पुढे ३० दात आणि मागे ५०-५१ दातांची मोठी चकती असेल, तर दिवसभर दमल्यावरही चढ बसून चढता येतो. किनाऱ्याची रचनाच अशी आहे की प्रत्येक खाडीला समुद्रसपाटीपर्यंत उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढायचं. नकाशावर सपाट दिसणारा दिवस संध्याकाळपर्यंत चांगल्या घाटाएवढी चढण देऊन जातो.

आता गंज. समुद्राची हवा सायकल आतून खाते. पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून सायकल चालवणं फोटोत छान दिसतं, पण खारं पाणी बेअरिंगमध्ये गेलं की ते दोन महिन्यांत कुरकुरायला लागतं. गेलातच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने, जोराचा फवारा न मारता धुवा, पुसा, चेनला तेल द्या. बुटाच्या क्लीटचे (बूट पेडलला अडकवणाऱ्या तळाच्या पट्टीचे) स्क्रू, पेडलचे आटे आणि सीटपोस्टला ग्रीस लावून ठेवा, नाहीतर हवं तेव्हा ते हलत नाहीत. नोव्हेंबर ते मार्चमध्ये किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले, गुहागर या बाजूला रात्री पुळणीवर दिवा लावून सायकल नेऊ नका.

हत्यारं

छोट्या गावातल्या सायकल दुकानात माणूस हुशार असतो, पण तुमच्या सायकलचे भाग त्याच्याकडे नसतात. तेव्हा हे जवळ हवंच : चेनकटर असलेला मल्टिटूल, तुमच्या चेनला बसणाऱ्या दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणाऱ्या कड्या), मागच्या डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा), ट्यूबलेस प्लग, दोन ट्यूब, पंप, ब्रेक पॅडच्या दोन जोड्या, चेनचं तेल, झिप टाय, थोडी डक्ट टेप, क्लीटचे जादा स्क्रू. टायरची बाजू फाटली तर शिवायला जाड सुई आणि नायलॉनचा दोरा, आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा. प्रेस्टा व्हॉल्व्हवर (सायकलच्या बारीक व्हॉल्व्हवर) बसणारा छोटा पितळी अडॅप्टर ठेवा, म्हणजे कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते.

ही हत्यारं नुसती बाळगून उपयोग नाही. घरी अंगणात, मग रात्री हेडलॅम्पच्या उजेडात, मग पावसात, असं तीनदा करून पाहा : ट्यूबलेस टायर काढून ट्यूब घालणं, चेन तोडून जोडणं, हँगर बदलणं, पॅड बदलणं. हँगरबद्दल विशेष सांगतो. इवलासा, स्वस्त ॲल्युमिनियमचा तुकडा, पण प्रत्येक सायकलचा वेगळा. तो वाकला किंवा तुटला की गिअर संपले, आणि अडनिड्या गावात तो मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही.

पिशव्या आणि दिवे

जड सामान फ्रेमच्या त्रिकोणी पिशवीत, कपडे मागच्या सीटच्या पिशवीत, झोपायचं हँडलबारच्या गुंडाळीत, दिवसाचं खाणं समोरच्या नळीवरच्या पिशवीत. पाठीवर सॅक शक्यतो नको. दमट हवेत पाठ ओली राहते आणि सगळं वजन सीटवर येतं. सुरुवातीला महागड्या पिशव्या घेण्याची गरज नाही. साधी ड्राय बॅग आणि जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या यांवर पहिलं वर्ष आरामात निघतं. सामान भरून झालं की पाखाडीवर जाऊन सायकल खांद्यावर घ्या. ५० पायऱ्या चढवत नसेल तर घरी येऊन पिशवी उघडा आणि एकेक वस्तू बाहेर काढा.

एक दिवा हँडलवर, एक डोक्यावर. हँडलचा दिवा वाटेवर, डोक्याचा वळणावर आणि दुरुस्तीला. डायनॅमो हब (चाक फिरताना वीज तयार करणारा तुंबा) असेल तर उत्तम, नसेल तर दोन-तीन दिवसांना २०,००० एमएएचची पॉवर बँक पुरते. तेवढी पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे विमानात केबिनमधल्या सामानात नेता येते. चेक-इन सामानात ती घालू नका.

सराव कुठे आणि कसा

फेब्रुवारीतली शर्यत धरली तर गणपती विसर्जनानंतर नेमाने लागा. पावसाळाही वाया घालवू नका. जून ते सप्टेंबर हे ताकदीचे व्यायाम, दुरुस्ती शिकणं आणि पावसाळी कपड्यांची परीक्षा यांचे महिने. फक्त ओल्या कातळावर जपून. त्यावर शेवाळ धरतं आणि नवा टायरही सरळ रेषेत घसरतो.

पहिला महिना आठवड्यातून चार दिवस, त्यातला एक दिवस लांबचा, ६० ते ८० किलोमीटर, निम्मे तरी कच्चे. दुसऱ्या महिन्यापासून शनिवार-रविवार जोडून चालवा, सामानासह. एका दिवसात १५० किलोमीटर चालवणाऱ्यापेक्षा शनिवारी १०० आणि रविवारी दुखत्या पायांनी ८० चालवणारा या शर्यतीला जास्त तयार असतो. मधे एक-दोन बीआरएम, म्हणजे ठरावीक अंतर ठरलेल्या वेळेत आपलं आपण पूर्ण करायच्या सायकल फेऱ्या, कराव्यात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला २०, ४००ला २७ आणि ६००ला ४० तास मिळतात. रस्ता पक्का असला तरी रात्री एकट्याने चालवणं, वेळेचं बंधन आणि आपलं आपण निभावणं यांची सवय तिथे होते.

तिसऱ्या महिन्यात मुक्कामी सराव. उत्तरेकडच्यांसाठी माझी आवडती वाट अशी : श्रीवर्धनच्या बाजूने बागमांडल्याला यायचं, सावित्रीच्या खाडीतून फेरीने वेसवीला. तिथून वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळ. वाशिष्ठीची खाडी फेरीने ओलांडून धोपावे. मग गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ आणि शास्त्रीच्या मुखावर तिसरी फेरी, जयगडला. डांबरी रस्ता शक्य तिथे सोडा. चिरेखाणींकडे जाणारे लाल रस्ते, सड्यावरच्या बैलगाडीच्या वाटा, वाड्या जोडणाऱ्या पाखाड्या आणि वहाळावरचे साकव (ओढ्यावरचे छोटे पूल) धरा. खाणीच्या रस्त्यांवर चिरे भरलेले ट्रक येतात, धुळीत त्यांना तुम्ही दिसत नाही. दिवसाही मागचा दिवा चालू ठेवा.

या वाटेची गंमत फेरीत आहे. रात्री फेरी बंद होते, दिवसा ती तुमच्यासाठी थांबत नाही, आणि चुकली तर रस्त्याने खाडीला वळसा म्हणजे कित्येक तास. त्यामुळे सकाळीच ठरवावं लागतं की दाभोळची अमुक फेरी गाठायची तर बुरोंडीत चहाला थांबायचं की नाही. परदेशातल्या शर्यतींत हेच गणित गावातल्या एकुलत्या एका दुकानाशी मांडावं लागतं. ते रात्री आठला बंद होणार असेल आणि पुढचं दुकान १५० किलोमीटरवर असेल, तर आठच्या आत पोहोचायला काय काय सोडायचं, हे तिथे सायकलवर बसूनच ठरवायचं असतं.

दक्षिणेकडच्यांना पावस, पूर्णगड, आडिवरे, कशेळी, जैतापूर ते विजयदुर्ग आणि पुढे देवगड, कुणकेश्वरपर्यंतचे सडे आहेत. मोकळे, उन्हात तापणारे, वाट दाखवायला झाड नसलेले. जीपीएक्स फाइलवर (जीपीएस यंत्रात भरलेल्या वाटेच्या नोंदीवर) विसंबून चालण्याचा सराव इथेच करावा, कारण सड्यावर चाकोऱ्या दहा दिशांना फुटतात. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, घळीत उतरलात की नेटवर्क जातं. एक कळकळीची विनंती : कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, उक्षी या परिसरातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. ती २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण अजून कितीतरी उघड्यावर, कुंपणाशिवाय पडून आहेत. कातळावर कोरलेली रेघ दिसली की सायकलवरून उतरा आणि लांबून वळसा घ्या. सडा ओसाड दिसला तरी त्याला मालक असतो. गडग्यातलं बेडं (दगडी कुंपणातलं फाटक) उघडून आत गेलात तर ते पुन्हा लावा. हापूसच्या हंगामात कलमांच्या बागेतून जायचं तर आधी विचारा. फणसाडसारख्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका.

चढाईसाठी सावंतवाडीकडून आंबोली. समुद्रसपाटीजवळून सुमारे ६९० मीटरपर्यंत, सामानासह, आठवड्यातून एकदा. वेळ बघू नका. संपूर्ण चढ एकदाही न थांबता, बोलता येईल इतक्याच दमाने चढायचा.

चौथ्या महिन्यात तीन दिवसांची रंगीत तालीम. शर्यतीचे सगळे नियम, शर्यतीचंच सामान. त्यात एक रात्र उघड्यावर, एक दिवस मुद्दाम उशिरा रात्रीपर्यंत. शर्यत फेब्रुवारीनंतरची असेल आणि तालीम शिमग्याच्या दिवसांत आली तर पालखी वाटेत भेटेल. सायकलवरून उतरून बाजूला उभं राहायचं, घाई करायची नाही.

खाणं आणि पाणी

तासाला साधारण ५० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, पहिल्या तासापासून. भूक लागल्यावर खायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. केळी, शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याची चिक्की, गूळ, बिस्किटं, खजूर यांवर दिवस निघतो. दिवसातून एकदा तरी गरम, खारट जेवण घ्या. गोडाने तिसऱ्या दिवशी जीभ आणि पोट दोन्ही बंड करतात. परदेशात पोहे-उसळ मिळणार नाही, तेव्हा शेवटच्या दोन महिन्यांत पाव, चीज, दाण्याचं लोणी, डबाबंद पदार्थ खाऊन सायकल चालवून पाहा.

कोकणातल्या गावांत दुपारी एक ते चार बरीच दुकानं बंद असतात. हे धरून साडेबाराच्या आत पुढच्या चार तासांचं भरून घ्या. पाणी सड्यावर किमान तीन ते चार लिटर जवळ ठेवा. फेब्रुवारीनंतर सड्यावरचे झरे आणि डबकी आटतात. विहिरीचं पाणी विचारून घ्या आणि क्लोरीनचे थेंब किंवा फिल्टर वापरा. दमट हवेत घामातून मीठ फार जातं. नुसतं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, भ्रमल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. ओआरएसच्या पुड्या ठेवा. मीठ घातलेलं कोकम सरबत सुद्धा उत्तम काम करतं. उन्हाच्या वेळी, बारा ते तीन, सावलीत अर्धा-पाऊण तास थांबणं हा वाया गेलेला वेळ नाही. तो पहाटे लवकर निघून भरून काढा.

रात्र

पहिल्या शर्यतीत झोपेशी झुंज नको. रोज पाच-सहा तास झोपणारा नवखा, दोन तास झोपणाऱ्या नवख्याला चौथ्या दिवशी हमखास गाठतो. पेंगत असताना उतार उतरू नका, पंधरा मिनिटं आडवं व्हा.

कोकणात उघड्यावर झोपायचं तर देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा किंवा एसटीचा निवारा बरा. देवळात पुजाऱ्याला, शाळेसाठी शिक्षकांना किंवा सरपंचांना विचारा. पोलीस पाटलांच्या कानावर घातलं की गावाला चिंता राहत नाही, तुम्हालाही नाही. एकट्या स्त्रियांनी तर हे नक्की करावं. सड्यावर, दगडांच्या ढिगाजवळ अंथरूण टाकू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जांभ्या दगडात फुरसं फार. हातभर लांबीचा, मातकट रंगाचा, रात्री फिरणारा विषारी साप. रात्री बूट झटकल्याशिवाय घालू नका, दगड हाताने उचलू नका, लघवीला जातानाही दिवा न्या. चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. अवयव हलू न देता १०८ला फोन करायचा आणि प्रतिसर्पविष असलेल्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात लवकरात लवकर पोहोचायचं.

दोडामार्ग-बांदा भागातल्या जंगलात २०१६पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीमुळे पसरतो आणि जानेवारी ते मे हा त्याचा काळ. त्या बाजूला पालापाचोळ्यात बसू-झोपू नका, कीटकरोधक मलम लावा, संध्याकाळी अंग तपासा.

शरीर

बसण्याच्या जागेवरच्या जखमांनी जितके लोक शर्यत सोडतात तितके बहुधा पाय दुखून सोडत नाहीत. पॅड असलेली शॉर्ट, आत अंतर्वस्त्र नको. रोज रात्री धुणं, निदान ओल्या फडक्याने अंग पुसून कोरडं करणं. पॅडला क्रीम, नाहीतर पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल. दोन शॉर्ट न्या. लाल पुळी दिसली त्या दिवशीच उपाय करा.

गुडघ्याच्या पुढे दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागे दुखत असेल तर बहुधा वर. बोटं बधिर होत असतील तर हँडल उंच करा, पकड बदलत राहा. हे बदल सरावात, एका वेळी एक, पाच-पाच मिलिमीटरने. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात सीटला हात लावू नका.

कोकण जे शिकवत नाही

थंडी आणि उंची. सिल्क रोड माउंटन रेसमध्ये खिंडी ३,५०० मीटरच्या वर जातात आणि ऑगस्टमध्येही रात्री पाणी गोठतं. आंबोली किंवा महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या रात्री उघड्यावर झोपून निदान स्लीपिंग बॅगची परीक्षा घ्या. उंचीसाठी लडाख-स्पितीला आठ-दहा दिवस काढता आले तर काढा. नाहीतर पहिली शर्यत कमी उंचीची निवडा, ५०० ते १,००० किलोमीटरची. तो शहाणपणाचाच निर्णय आहे.

एका बाबतीत कायदा माहीत हवा. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं आणि उपग्रह फोन भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. परदेशी मित्राने हौसेने दिलेलं असं यंत्र घेऊन विमानतळावर उतरू नका. परदेशातल्या शर्यतीत बहुधा आयोजकच ट्रॅकर देतात. कोकणातल्या सरावात फोनचं लाइव्ह लोकेशन घरच्या एका माणसाला पाठवा, वाट कागदावर लिहून ठेवा, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ला कळवायचं तेही ठरवून जा.

शेवटचे दोन आठवडे

सराव निम्म्यावर आणा, मग त्याच्याही निम्म्यावर. नवी चेन, नवे पॅड आणि नवे टायर तीन आठवडे आधी बसवून २०० किलोमीटर चालवलेले असावेत. सीलंट ताजं करा. विम्यात डोंगरातून सुटका आणि परदेशी उपचार दोन्ही आहेत का, तसंच सायकल शर्यत वगळलेली नाही ना, हे लेखी पाहा. कोकण रेल्वेने मुंबईला निघत असाल तर सायकल पार्सल ऑफिसात आदल्या दिवशी नोंदवा. लगेज व्हॅनमध्ये ती इतर बोज्यांखाली येते, म्हणून मागचा डिरेलर काढून फ्रेमच्या आत बांधा. विमानाच्या खोक्यासाठीही हेच. पेडल काढा, हँडल फिरवा, हवा कमी करा, दोन्ही चाकांच्या जागी प्लॅस्टिकचे आडवे तुकडे लावा म्हणजे फ्रेम दबत नाही. हत्यारं चेक-इन सामानात, पॉवर बँक, दिवे आणि जीपीएस हातातल्या पिशवीत. तिथे पोहोचलात की सायकल त्याच संध्याकाळी जोडा आणि २० किलोमीटर चालवून पाहा. काही मोडलं असेल तर दुकान उघडं असताना कळलं पाहिजे.

सुटताना सगळे सुसाट जातील. त्यांना जाऊ द्या. पहिले सहा तास बोलता येईल इतक्याच दमाने चालवा, दर वीस मिनिटांनी काहीतरी खा. शर्यत अर्ध्यात सोडावी लागली तर सर्वांत आधी आयोजकांना आणि मग घरी कळवा, नाहीतर शोधपथक रात्रभर तुमच्या ट्रॅकरचा थांबलेला ठिपका शोधत डोंगर धुंडाळेल.